जवळचा नंबर

आमच्या दादाला दुसऱ्याच्या डोळ्यांतलं सगळं दिसतं, स्वतःच्या नाकासमोरचं दिसत नाही. त्याचा नंबर उणे आठ. चष्मा काढला की मी आणि कपाट त्याला सारखेच. वय सेहेचाळीस, लग्न नाही, धंदा चष्म्यांचा. मी त्याची धाकटी बहीण. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. तो बोलत नाही आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा त्याची हकिगत मीच सांगणार.

पूर्वी आम्ही जवळचं वाचायची परीक्षा एका छापील कार्डावर घ्यायचो. वीस वर्षं तेच कार्ड, तोच उतारा. लोकांना तो पाठ झाला होता. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर तो डोळे मिटून शेवटपर्यंत म्हणून दाखवला, "मला काही झालेलं नाही," असं ठणकावलं आणि उठताना स्टुलाला अडखळल्या. त्याच दिवशी दादाने कार्ड फाडलं.

"यापुढे प्रत्येकाने आपापला फोन उघडायचा," तो म्हणाला, "आणि समोर येईल ते मोठ्याने वाचायचं. पुढे काय येणार ते कुणालाच पाठ नसतं."

कल्पना शंभर नंबरी होती. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. फोन माणूस बघून वाढतो. तुम्ही एखाद्या गोष्टीवर दोन मिनिटं रेंगाळलात की तिचंच ताट भरून पुन्हा पुढ्यात. मग काय, दुकानात एकेकाचं पितळ उघडं पडायला लागलं. केसांना हातही लावू न देणारा ऐटबाज पाववाला वाचू लागला, "टकलावर केस उगवा... बायकोला न कळता." मुख्याध्यापिकाबाईंच्या फोनवर नुसती कुस्ती! "प्रतिस्पर्ध्याला पाठीवर कसं आपटावं," हे त्यांनी खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसकट वाचलं. एकाच घरात राहणारे दोन भाऊ आले. एकाच्या फोनवर शहर बुडायला टेकलं होतं, दुसऱ्याच्या फोनवर त्याच शहरात घर घ्यायला याहून चांगली वेळ नव्हती. प्रत्येकाची खात्री, की खरा चष्मा दुसऱ्यालाच हवाय.

"अहो, घराला खिडकी तर एकच आहे ना तुमच्या?" दादा म्हणाला, आणि आम्ही पोट धरून हसलो.

मग कोपऱ्यावरच्या तलावात पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या आणि दादाची बोलती बंद झाली. बाईंना नंबरचा पोहण्याचा चष्मा हवा होता. पाण्यात कुठलं मूल कुणाचं ते कळत नाही म्हणाल्या. दादाने बनवून दिला. आठ दिवसांनी बाई आल्या, पट्टा सैल आहे. मग आल्या, पट्टा घट्ट आहे. सहा महिन्यांत अकरा वेळा! पट्टा तो केवढा, बोटभर. आणि दर वेळी दादाने पट्टा हातात घेऊन काय म्हणावं? "हं." अकरा वेळा "हं". त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटायचं.

एका सोमवारी दुपारी बाई आल्या त्या पट्ट्याचं नाव न काढता.

"हे बहुतेक शेवटचंच काम," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शहरातल्या मोठ्या तलावावर बोलावलंय मला. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. म्हटलं, त्याआधी डोळे तपासून घ्यावेत. हल्ली हातातल्या घड्याळाचे आकडे दिसत नाहीत."

"चाळिशी लागली!" मी आतूनच ओरडले.

दादा म्हणाला, "हं."

माझ्या हातातली काच सुटता सुटता राहिली. मेल्या, बोल ना! पण त्याने बाईंच्या नाकावर तपासणीची ती जाड गोल चौकट चढवली, तिच्यात काचा सरकवल्या आणि सवयीने म्हणाला, "फोन काढा आणि वाचा."

बाई गडबडल्या. "फोन... तलावावरच राहिला वाटतं."

अशा वेळी आम्ही माझा फोन देतो. पण त्याने सकाळीच मान टाकली होती. आणि काचांचं काम सुरू असलं की दादाला जगाचा विसर पडतो. मी "थांब" म्हणेपर्यंत त्याने स्वतःचा फोन उघडून बाईंच्या हातात दिलासुद्धा.

बाई वाचू लागल्या. "पन्नाशीच्या आत पोहायला शिका." थांबल्या. "पाण्याची भीती कशी घालवावी, भाग सातवा." फ्रेमा बघत उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी कान टवकारले. "शिट्टी ओळखा... कोणती शिट्टी कशासाठी." आणि मग अगदी हळू, "लाजाळू माणसाने पहिलं वाक्य काय बोलावं."

दादा कानापर्यंत लाल. "ते... ते फोन आपोआप दाखवतो."

"आपोआप काही येत नाही हो," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "मला विचारा. आधी आपण बघावं लागतं."

तेवढ्यात बाकावरच्या पिशवीत फोन वाजला. बाईंच्या पिशवीत. मी जन्माची निर्लज्ज. पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "तलावावर राहिला होता ना? घ्या. आता यावर वाचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि उंचावरून उडी मारण्याआधी घेतात तसा श्वास घेतला. "चेहऱ्याला शोभणारी फ्रेम कशी निवडावी. काच चांगली की प्लास्टिक. चष्मा दुरुस्तीची हत्यारं, ओळख आणि वापर." मग डोळे मिटून, "पोहण्याच्या चष्म्याचा पट्टा सैल कसा करावा."

आता पहिलं वाक्य! सात-सात भाग बघून तयारी केलेला माझा भाऊ छाती भरून म्हणाला,

"मला पोहता येत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी मात्र चौकट उतरवली. हसत होत्या. "माहीत आहे मला. तलावाचा विषय निघाला की तुम्ही टेबल घट्ट धरता. उथळ बाजूने सुरुवात करू. उद्या सकाळी साडेसहाला."

"आणि संध्याकाळचं उत्तर?" मी विचारलं.

"ताई, हे महिन्याभरात शिकतील असं वाटतंय तुम्हाला?"

"छे! वर्षं जातील."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या.

मला नाचावंसं वाटत होतं. मुख्याध्यापिकाबाई तर बाकावर जवळजवळ चढल्याच होत्या. एवढ्यात मला आठवलं. "अरे पण, पाण्यात तुला दिसणार काय? उणे आठ!"

दादाने खालचा खण उघडला, स्क्रूंच्या डब्या बाजूला केल्या आणि एक पाकीट काढलं. आत पोहण्याचा चष्मा. त्याच्या मापाचा पट्टा, त्याच्या नंबरच्या काचा. पाकिटावर त्याच्याच अक्षरात तारीख होती. बाई पहिल्यांदा दुकानात आल्या, त्या दिवसाची.

मी रोज त्याच खणातून स्क्रू काढत होते.