दाजींची मंजुरी

आमच्या दाजींइतका स्टीलच्या डब्यांत जीव गुंतलेला माणूस भाईंदरात दुसरा झाला नाही आणि होऊही नये, कारण अशा माणसाच्या बायकोला फार सोसावं लागतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पूर्वेच्या ज्या गाळ्यात मी डब्यांना स्टिकर लावते, तिथंच ते डाय करायचे, म्हणजे पत्रा ज्यात दाबून डबा होतो तो साचा. नवा डबा प्रेसखालून निघाला की झाकण लावून तो कानाशी धरायचे, बोटानं टकटक करायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. काय ऐकू यायचं कोण जाणे. "झाकण रुसलंय," एवढंच म्हणायचे, की सगळं काम थांबायचं. एखादा जुना नमुना कायमचा बंद झाला की त्या दुपारी जेवायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "दाजी, डबा गेलाय, तुमचा भाऊ नाही गेला." तर म्हणाले, "भाऊ गेला तेव्हा जेवलो होतो."

त्यांचा आणखी एक हट्ट होता. प्रत्येक नव्या नमुन्याचा पहिला डबा ते जेसल पार्कला घरी न्यायचे, आक्काच्या हाताला गोडंतेल चोळायचे आणि झाकण उघडायला सांगायचे. आक्कानं शिवी न देता उघडलं तर डबा पास. शेठची सून शिकून आली आणि तिनं गाळ्यात ते नवं सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा आम्हाला वाटलं, आता हे सगळं थांबणार. मोठ्या कंपनीला माल द्यायचा तर ते लागतंच, असं ती म्हणाली. डब्याचा जन्म, त्याचा नकाशा, पत्र्याची जाडी, कुणी काय बदललं, शेवटी बंद कधी झाला, सगळं त्यात. आणि ते आपल्या गाळ्यात नाही, दूर कुठंतरी ठेवलेलं, फोनवर दिसतं. दाजी आधी चिडले. "माझे डबे परक्याच्या घरी कशाला ठेवू?" पण बंद झालेले नमुनेही त्यात राहतात हे कळलं आणि माणूस पार बदलला. जेवायच्या सुट्टीत एकटेच कोपऱ्यात बसून ते जुने डबे बोटानं गोल फिरवत बसायचे. मला बोलावून म्हणाले, "बघ, गेलेले पण फिरतात." मी म्हटलं, "तुम्ही आधी भाजी संपवा."

त्यांनी भांडून भांडून घरची परीक्षाही त्या सॉफ्टवेअरमध्ये घालून घेतली. ती झाल्याशिवाय आणि दाजींनी मंजुरी दिल्याशिवाय काम पुढं सरकायचंच नाही. नजर कमी झालेली, म्हणून बटण आक्काच दाबायची आणि ते सांगतील तो शेरा फोनमध्ये बोलायची. फोन ते लिहून घ्यायचा.

मग दाजी झोपेतच गेले. जलदानविधी झाला, लोक जेवून गेले. गाळ्यात नवा नमुना निघाला, तेव्हा प्रेसवाल्यांनी सवयीनं पहिला डबा घरी न्यायला काढला, दाजी नाहीत म्हणून माझ्या हाती दिला आणि मीही तो आक्काकडं ठेवून आले. सकाळी सॉफ्टवेअरवर दाजींच्या नावानं उत्तर आलं होतं, 'झाकण रुसलंय'. प्रेसवाले काम सोडून बाहेर जाऊन उभे राहिले. दाजींच्या स्टुलावर कुणी बसेना. झाकण खरंच अडत होतं, त्यामुळे सगळे जास्तच घाबरले. मी घाबरले नाही. बटण कोण दाबतं हे मला ठाऊक होतं.

शेठची सून मात्र रडवेली झाली. "मौसी, कंपनीवाले चेक करने आएंगे. मरे हुए आदमी का अप्रूवल दिखा तो ऑर्डर गया. और उनका नाम निकालने के लिए भी उन्हीं का अप्रूवल चाहिए. आप आक्का से करवा दो."

भर दुपारी मी आक्काकडं गेले. दार नुसतं लोटलेलं. आतून घोगरा आवाज आला, "चपला बाहेर. धूळ आणू नको." हे दाजींचं रोजचं बोलणं, अगदी त्याच चालीत. आत आक्का त्यांचा चष्मा लावून, डबा कानाशी धरून, डोळे मिटून बसलेली. पेरानं टकटक चाललेली. मांडीवर फोन, फोनवर डबा हळूहळू फिरत होता. तिचे दोन्ही हात डब्याला होते, फोनला कुणाचंच बोट नव्हतं. मी त्याबद्दल विचारलं नाही.

"आक्का, त्यांचं नाव काढायचंय. नाहीतर गाळ्याचं काम जाईल."

"थांब. ते ऐकतायत."

"ते गेले, आक्का."

"मला सांगतेस?" तिनं डोळे उघडले. आवाज आता तिचाच होता. "मी बटण दाबलं की मग घरात काय राहतं माझ्याकडं? चाळीतल्या बाया येतात, चहा पितात, जातात. हा डबा येतो तेव्हा ते येतात. तुला खोटं वाटेल."

मला खोटं वाटलं नाही. तिच्या शेजारी बसले. खाडीकडून वारा येत होता.

ती म्हणाली, "नाव काढल्यावर कुठं जातं?"

"तिथंच राहतं म्हणे. फक्त कामाला बोलवत नाहीत."

तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बटण दाबलं. मग फोन तोंडाजवळ धरून, मला ऐकू येणार नाही इतकं हळू काहीतरी बोलली.

सकाळी शेठच्या सुनेनं मला बोलावून शेरा दाखवला. चौथी शिकलेय, सावकाश वाचलं. 'थकलोय. आता हाक मारू नका.'

"मौसी, ये किसने लिखा?"

"वर नाव कुणाचं आहे?"

"उनका."

"तो उन्होंने ही लिखा," मी म्हटलं आणि स्टिकर लावायला गेले.

नव्या नमुन्यांना आता शेठची सूनच मंजुरी देते. दाजींचं नाव खाली कुठंतरी अजून दिसतं, म्हणतात. मी बघायला गेले नाही. आक्का जेवते, झोपते. हल्ली चहाला मीच जाते तिच्याकडं. चपला बाहेर काढते आणि आतून आवाज येईपर्यंत दारात जरा थांबते.