साळूच्या दुखण्याची वही

आमचं मामंजी, नानासो सुभेदार, पलटणीतनं पेन्शनीत आलं, पण त्यांची पलटण काय सुटली न्हाई. पहाटं पाचाला शिट्टी! म्हशीसुदिक दावणीला ताठ उभ्या ऱ्हायच्या. घरात कुणाचं डोकं दुखलं, तर म्हणायचं, "सिक रिपोर्ट दे!" मंग जीभ बघायचं, नाडी बघायचं, अन् वहीत लिवायचं, 'दवा दिली. ड्यूटीवर हजर.' दवा म्हंजे वव्याचं पाणी. पाय मुरगाळला तरी ववाच. मी भामाबाई, थोरली सून. माझं नाव त्या वहीत चारदा. माझ्या धाकल्या जावंनं, साळूबाईनं, निम्मी वही भरली हुती.

साळू माणातली. दुष्काळी मुलखातली पोर, डोक्यावर दोन अन् कमरंवर एक घागर घिऊन पळणारी. पण म्हयन्यातलं पाच-सा दिवस तिच्याकडं बघवायचं न्हाई. पोट धरून भुईवर लोळायची, वकायची, वाकून चालायची. आमच्या सासूबाई, सुलाबाई, म्हणायच्या, "बाईच्या जातीला हे असतंयच. गप ऱ्हा." मलाबी दुखायचं, पण मी गूळ खाऊन धुण्याला जायची. मंग हिलाच काय झालंय? कवाकवा वाटायचं, नाटकं करती भवानी. खोटं कशाला बोलू?

मामंजींना तर खात्रीच. आमच्या घरात बायकांचं भाईर बसणं गड्यांनी बघायचं न्हाई अन् इचारायचं न्हाई. 'कावळा शिवला' म्हणलं की मामंजी मान फिरवून आभाळाकडं बघायचं. त्यात साळूचं दुखणं दोन दिवस आधीच सुरू हुयाचं. त्यामुळं वहीत तारीख हुती, दुखणं हुतं, कारण तेवढं न्हवतं. कारणाच्या जागी मामंजी लिवायचं, 'बहाणा'.

लगीन होऊन चार वर्सं झाली, मूल न्हाई. दीर जोतीराम फौजंत, जम्मूकडं. एक दिवस मामंजींनी हुकूम काढला, "डॉक्टरकडनं 'फिट' असं लिवून घ्यायचं. मंग कामचुकार म्हणून हिला म्हायेरी पोचवायची अन् जोतीरामचं दुसरं लगीन लावायचं."

साळू पांढरीफटक पडली. मला म्हणाली, "आक्का, मी ढोंगी न्हाई गं. जखम असती तर दाखवली असती. हे दाखवू कसं?" मी म्हणलं, मीबी येती.

सांगलीत त्रिशलाबाई डॉक्टरांचा दवाखाना हुता. मामंजी फेटा बांधून, कोटावर मेडलं लावून निघालं. दवाखान्याच्या दारात असा काय सॅलूट ठोकला की बाकड्यावरची म्हातारी घाबरून उठून उभी ऱ्हायली. मंग त्यांनी वही उघडली अन् आरोप वाचाय लागलं.

"तीन जून. पोट धरून बसली. बहाणा! चार जून. परसाकडला जाताना रडली. बहाणा! दहा जून. टुणटुणीत, सगळ्या म्हशींचं शेण काढलं. तीस जून. पुन्यांदा पोट! अठ्ठावीस जुलै..."

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "ऑगस्टमध्ये कधी?"

"चोवीसला!" मामंजी खूश झालं. त्यांना वाटलं, डॉक्टर आपल्या बाजूच्या. "वर्सभर असंच हाय बाई. दर वेळंला हाच डाव!"

"म्हणजे दर सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी?"

मामंजींनी बोटांवर मोजलं. मोजता मोजता त्यांचं कान लाल झालं अन् ते आभाळाकडं बघाय लागलं. दवाखान्यात कुठलं आलंय आभाळ? बिचारं पंख्याकडं बघत बसलं. बाईंनी त्यांना भाईर घालवलं.

मंग साळूला एकेक इचारलं. पाळीच्या आधी दोन दिवस दुखाय लागतं? व्हय. त्या दिवसांत शौचाला बसलं की कळ येती? व्हय. अंगावर लय जातं? व्हय. "अन् नवऱ्याजवळ जाताना आत खोल दुखतं?"

साळूनं मान खाली घातली अन् माझा हात असा आवळला की बांगडी पिचली. हे तिनं मलाबी सांगितलं न्हवतं. दीर रजेवर आलं की ही रोज रातचं दळण काढून बसायची, ते ह्यापायी! अन् मी तिला हसत हुते. लाज वाटली मला माझी.

बाईंनी तपासलं अन् मामंजींना आत बोलवलं. म्हणाल्या, "पिशवीच्या आत अस्तर असतं. तसलंच अस्तर हिच्या पोटात पिशवीच्या बाहेर वाढलंय, असा मला दाट संशय आहे. पाळीला तेही सुजतं, रक्त सोडतं, पण त्या रक्ताला वाट नाही. म्हणून या कळा. मूल न राहण्याचं कारणही तेच असू शकेल. मिरजेला पोट उघडून बघितलं की खात्री होईल. याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात."

मामंजींनी ते नाव तीनदा म्हणून बघितलं, तिन्हीदा निराळं आलं. मंग म्हणालं, "एवढं लांब नाव हाय म्हंजे दुखणं खरंच असणार. मंग फिट न्हाई?"

"अजिबात नाही. पण सुभेदार, तुमच्या वहीमुळंच सापडलं हो. तेवढा 'बहाणा' खोडा."

मामंजी तिथंच पेन काढून खोडाय बसलं. सगळं वर्स खोडायचं म्हणल्यावर पेशंट तुंबलं, पण उठायला तयार न्हाईत!

पुढं मिरजंला ऑपरेशन झालं, संशय खरा निघाला अन् साळूचं दुखणं निम्म्यावर आलं. पण मी सांगती ती सांगलीला गेलो त्या दिवसाची संध्याकाळ. घरी येऊन मामंजींनी सगळ्यांस्नी चुलीपुढं बोलवलं अन् डॉक्टरांकडनं वहीत लिवून आणलेलं एकेक लक्षण खड्या आवाजात वाचलं. "यापुढं घरातल्या कुणा बाईला असं हुईल, तिनं न लाजता रिपोर्ट द्यायचा. समजलं?"

सासूबाई भाकरी थापत हुत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला हुतं की हे."

"आं? कवा?"

"लगीन झाल्यापासनं. पाळी जाईस्तवर."

मामंजी वरडलं, "मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले हुते. तुमी पयल्या रजेवर आल्ता तवा. तुमी म्हणालासा, ढोंग करतीस. अन् मला म्हायेरी सोडून पलटणीत गेलासा. आठ म्हयनं हुते मी तिथं. परत आले ती पुन्यांदा कवा बोलले न्हाई."

मामंजींनी हातातली वही मिटली. साळू उठली, सासूबाईंच्या हातातलं पीठ काढून घेतलं अन् म्हणाली, "आत्याबाई, तुमी जरा टेका."