वहिनीने कापलेला उतार

आमची वहिनी पोकलेन चालवते. शहरातली गटारं, पाण्याच्या लाइनी, इमारतींच्या पायाचे खड्डे, निम्मं शहर तिने उकरलंय. दादा शिंपी. दोघांचं वाजलं की आई म्हणायची, "एक शिवतो, एक उसवते. जोडा अगदी बघून जमवलाय!"

लग्नाआधीच तिने सैन्याच्या राखीव दलात नाव घातलं होतं. वर्षातून एकदा बोलावणं यायचं, ती जायची, काळवंडून परत यायची. त्या वर्षी मात्र शिबिरातून तिचा फोन आला तो किंचाळतच.

"भावजी, मला चिलखती गाडी दिली! रणगाड्याचं धूड, पुढे बुलडोझरचं पातं आणि वर पोकलेनचा हात!"

"म्हणजे तुम्ही आता लढणार?"

"अहो, लढणाऱ्यांना पुढे कोण नेणार? रणगाडा केवढाही असो, समोर खोल चर आला की रुसलेल्या जावयासारखा बसतो. मग आम्हाला हाक. एक गाडी सुरुंग नांगरून बाजूला सारते, आम्ही माती कापून वाट करतो, तिसरी पाठीवरून पूल आणून टाकते. त्यानंतर साहेबांची स्वारी निघते."

तिच्या गाडीत तिघं. सार्जंट, म्हणजे गाडीचा प्रमुख, कडक इस्त्रीच्या चेहऱ्याचा माणूस. चालक एरवी शहरात बस चालवायचा. त्याला सगळे गप्प्या म्हणत, कारण त्याचं तोंड इंजिनाबरोबर सुरू व्हायचं आणि इंजिन बंद झालं तरी चालूच राहायचं. पातं आणि हात वहिनीच्या ताब्यात.

सरावाचा शेवटचा दिवस नदीचा होता. नदी फार रुंद नव्हती, पण अलीकडचा काठ भिंतीसारखा उभा. पलीकडे सरावापुरता 'शत्रू'. मधे पांढऱ्या पट्ट्या बांधलेले पंच. ते निशाण दाखवतील ती गाडी बाद. मागे झाडीत रणगाड्यांची रांग घुरघुरत उभी होती. काठ उतरता झाल्याशिवाय पुलाची गाडी पाण्यापर्यंत जाणार नव्हती, आणि पुलाशिवाय बाकी कोणीच हलणार नव्हतं.

धुराचा पडदा सोडला गेला. सुरुंगवाली गाडी माळ नांगरत पुढे गेली आणि बाजूला झाली.

"चला!" सार्जंट म्हणाला.

वहिनीने पातं टेकवलं. माती लोण्यासारखी सुटायला लागली. गप्प्या कानात बडबडत होता, "वा ताई, काय काम आहे, बसला असा रस्ता मिळाला असता तर..." वहिनीलाही चेव चढला. अजून एक घास, अजून एक. ती काठाच्या फार जवळ गेली आणि कड खचली.

गाडी नाक खाली करून घसरली. आत सगळं पुढे आपटलं. चालकाच्या काचेसमोर आभाळाऐवजी गढूळ पाणी. आणि गप्प्याचा आवाज बंद!

"तो गप्प झाला ना भावजी," वहिनी नंतर म्हणाली, "तेव्हा मला कळलं, आता खरंच अडकलो."

"काय झालं रे?" तिने गप्प्याला विचारलं.

"काही नाही ताई. पाणी बघतोय."

सार्जंटने झाकण उघडून डोकं बाहेर काढलं. पंच निशाण काढत काठाकडे पळत येत होता. ओढून काढणारी गाडी पार मागे.

"ऑपरेटर, हात पूर्ण मागे फिरतो ना?"

"फिरतो."

"मग फिरव. काठात रोव आणि ओढ. चालक, मी सांगेन तेव्हाच रिव्हर्स."

वहिनीने हात मागे फिरवला, लांब केला, बकेटचे दात गवतात घातले आणि ओढलं. नुसता मातीचा ढेपसा हातात आला. गाडी आणखी खाली सरकली.

"डावीकडे बघ, डावीकडे!" सार्जंट वरून ओरडला. "तिथे दगड दिसतोय!"

तिने हात डावीकडे नेला. दात खाली गेले आणि कर्रकन आवाज झाला. खडक! तो आवाज कानाआधी तिच्या तळव्यांना कळला. तिने हळूहळू हात आवळायला सुरुवात केली.

"आता! दोघं मिळून!"

इंजिन गरजलं. चाकांवरचे लोखंडी पट्टे गरगरले, चिखल उडाला, मग पट्ट्यांना पकड सापडली. वीतभर. हातभर. गाडीचं नाक पाण्यातून वर आलं आणि गप्प्या एकदम ओरडला, "आली! आली रे आली!" मागच्या रणगाड्यांवरची पोरंही टोप्या हलवत बोंबलायला लागली. पंचाने निशाण खिशात कोंबलं आणि बाजूला झाला.

आनंद साजरा करायला वेळ कुठे होता? वहिनीने थोडं बाजूला, खडकाच्या आधाराने नवा उतार धरला. या वेळी जपून, कड राखून. तो तयार झाला तशी पुलाची गाडी खाली उतरली. पाठीवरचा पूल आधी उभा राहिला, मग घडीचं टेबल उघडावं तसा उलगडत पलीकडच्या काठावर जाऊन बसला. पहिला रणगाडा त्यावरून धडधडत गेला. जाताना वरच्या अधिकाऱ्याने त्यांच्याकडे बघून कडक सलाम ठोकला. वहिनीने सलाम परत केला खरा, पण घाईत हात कपाळापर्यंत पोचलाच नाही आणि नाकच खाजवल्यासारखं झालं.

संध्याकाळी सार्जंट चहाचा मग घेऊन तिच्याशेजारी टेकला. "पहिला उतार चुकलीस."

"हो सार्जंट."

"दुसरा झकास. नव्या ऑपरेटरना हाताचं काम शिकवायला माणूस हवाय. येशील?"

घरी तिने ही बातमी जेवताना फोडली. दर वर्षी चार महिने प्रशिक्षण केंद्रात! आईचा घास हातातच राहिला. "आणि इथली गटारं कोण उकरणार?"

दादा जेवत राहिला. आमटी वाढून घेत म्हणाला, "तुला जायचंय?"

"खूप."

"मग विचारतेस काय? जा की!"

वहिनी ताटावरून उठली, खरकट्या हाताने फोन उचलला आणि सार्जंटला म्हणाली, "येते. पण चालक मला गप्प्याच हवा."