गाळलेला सहावा मुद्दा

तुम्हा दोघांनाही आता पगाराबरोबर कंपनीचे शेअर मिळतात, असं मागच्या रविवारी फोनवर सांगितलंत. मी विचारलं, "त्यांना मत आहे का?" तुम्ही हसलात. "आजी, मत घेऊन काय करायचंय?" मी फोन लवकर ठेवला. का ठेवला, ते लिहिते.

मुलुंडच्या एका बामच्या कारखान्यात मी ऑफिसात होते, इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. कंपनीने नवे शेअर काढले तेव्हा कामगारांनाही देऊ केले. ए वर्गाचा शेअर महाग. बी वर्गाचा स्वस्त, वर लाभांश थोडा जास्त. माहितीपत्रक इंग्रजीत होतं, सहा मुद्द्यांचं. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधली माझी मैत्रीण ते घेऊन आली. मूळची मालवणकडची, राहायला कांजूरमार्गला, बोटांना कायम कापराचा वास.

"ह्यां मराठीत लिवन दी गो. सगळ्यांका तुझ्यावरच भरवसो."

मी सुबक अक्षरात एक पान लिहून दिलं. त्याच्या झेरॉक्स सगळ्या कारखान्यात फिरल्या. तिने बांगड्या मोडून बी वर्गाचे तीनशे शेअर घेतले. जवळजवळ सगळ्यांनी बीच घेतले. मी ए वर्गाचे पन्नास घेतले, कारण तुमचे आजोबा म्हणाले, "घ्यायचे तर पुरते घे." त्यानंतर बी वर्गाच्या अटी मी पुन्हा पाहिल्या नाहीत. त्या मला लागू नव्हत्या.

आम्ही दोघी निवृत्त झालो. तिची सून त्याच पॅकिंगला लागली. मुलाचं काम सुटलेलं, त्यामुळे घर त्या एका पगारावर. आणि गेल्या वर्षी नोटीस आली: जागा विकायची, कारखाना दुसऱ्या राज्यात न्यायचा. त्यासाठी सभासदांचा ठराव हवा होता, आणि ठरावाला चारातली तीन मतं. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त मतं विरोधात पडली की पुरे. कामगारांकडे तेवढे शेअर होते. ते मीच मोजून सांगितलं. मैत्रीण घरोघर फिरली. गुडघे सुजले तरी थांबली नाही. म्हणायची, "सुनेची नोकरी गेली तर आमची वाट लागली समज."

सभा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भरली. आधी हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूने पुढच्या रांगेतले सात हात. विरोधात सगळं कॅन्टीन. कोणीतरी शिट्टी मारली. मैत्रिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

मग मालकांचा मुलगा माईकवर म्हणाला, "आता शेअरांप्रमाणे मोजू." प्रत्येकाला चिठ्ठी दिली. नाव, शेअर आणि मतं छापलेली. तिने दोघींच्या चिठ्ठ्या शेजारी धरल्या.

"तुझे पन्नास शेअर, मतां पन्नास. माझे तीनशे, नि मतां तीस? ह्यां कसलां गणित गो?"

चिठ्ठ्या वाटणारा म्हणाला, "बी वर्गाला दहा शेअरमागे एक मत, मावशी. पहिल्या दिवसापासून तसंच आहे."

ती माझ्याकडे वळली. "तुका ठावक होता?"

मी म्हटलं, "मी लिहिलं होतं त्या पानावर. तू नीट वाचलं नसशील."

तिने चिठ्ठीकडे बघत मान खाली घातली. बाकीचेही ऐकत होते. त्यांनीही मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच होती.

ठराव मंजूर झाला. सगळ्या शेअरांना पुरतं मत असतं तर तो पडला असता. ती बेरीज मी तिथेच नोटिशीच्या मागे तीनदा करून पाहिली.

माझ्या फाइली तुम्हाला माहीत आहेत. मी एकही कागद टाकत नाही. घरी येऊन मी ते पान काढलं. मतांचं मी लिहिलं असणारच, अशी माझी खात्री होती. नव्हे, तसं असावं म्हणून मी चक्क देवासमोर हात जोडले. पानावर पाच मुद्दे होते. मागे टाचलेल्या इंग्रजी पत्रकात सहावा होता, मतांचा. त्याच्या शेजारी पेन्सिलीने माझंच अक्षर: "मत घेऊन यांना काय करायचंय? गाळावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कागद घेऊन कांजूरमार्गला गेले. सून कामावर गेली होती. मैत्रिणीने चष्मा लावला. मराठी पान बोट ठेवून ओळ न् ओळ वाचलं, मग पेन्सिलीची ओळ वाचली.

"मी काल खोटं बोलले," मी म्हटलं. "तू नीटच वाचलं होतंस."

तिने कागद घडी करून माझ्या हातात दिले.

"अक्षर मात्र झकास असा हां तुझां."

मी बराच वेळ बसून राहिले. त्या घरात पहिल्यांदाच मला कोणी चहा विचारला नाही.

कारखाना दिवाळीनंतर बंद झाला. सुनेला अजून काम मिळालेलं नाही. रविवारी तुमचा फोन झाला की मी तिला फोन लावते. रिंग पूर्ण वाजते. ती उचलत नाही.