चोरीला गेलेल्या भावाची मोटारसायकल

क्लास सुटतो तेव्हा वाटतं, आज काही सांगण्यासारखं घडलं नाही. मग स्कूटी चालू करताना कोणाचं तरी एखादं वाक्य आठवतं आणि घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच फिरत राहतं. अशी वाक्यं आता इतकी साठलीत की अधूनमधून एखादं बाहेर काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.

परभणीत बसस्टँडच्या मागे, टायरच्या दुकानावर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. संध्याकाळची बॅच मोठ्या माणसांची. शब्द सगळ्यांना येतात. गडबड होते ती शब्द ओळीत लावताना. स्टोलन, ब्रोकन, फिनिश्ड असे झाल्या-गेल्याचे शब्द, मालकी सांगणारा शेपटीचा 'एस', आणि टू, बाय, विथ ही चिल्लीपिल्ली. यातलं एक जरी इकडचं तिकडे झालं तरी काय होऊन बसेल याचा नेम नाही. त्यामुळे शिकवताना मी खुर्चीला टेकत नाही. फळ्यापासून दारापर्यंत माझ्या येरझाऱ्या चालू असतात.

*

ज्ञानोबा झरीचा. तिथं त्याचं बियाण्या-खताचं दुकान आहे. एकदा क्लासला आला तोच खुशीत. भावाची चोरीला गेलेली गाडी सापडली होती.

"मॅडम, आज मी इंग्लिशमधूनच सांगतो," म्हणाला आणि उभा राहिला. "माय स्टोलन ब्रदर्स मोटारसायकल वॉज फाउंड निअर झरी."

शेजारी अन्वरभाई बसले होते. त्यांचं फ्लेक्स आणि बोर्डांचं दुकान आहे. त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "और भाई? भाऊ कधी सापडला?"

"भाऊ घरीच हाय की. चोरी गाडीची झाली."

"तुमी तर भाऊच चोरीला गेला म्हणायलात."

मी फळ्यावर वाक्य लिहिलं. 'स्टोलन' पुसला आणि 'ब्रदर्स'च्या पुढे नेऊन ठेवला. माय ब्रदर्स स्टोलन मोटारसायकल. ज्ञानोबाला ते पटलं नाही.

"आपल्यात बी तसंच म्हणतेत की, मॅडम. चोरीला गेलेली भावाची गाडी, न्हाई तर चोरीला गेलेल्या भावाची गाडी. कोणी भावाला शोधायला जात न्हाई." मग खाली बसता बसता म्हणाला, "पोलिसांना गाडी शोधायला महिना लागला. तुमी एका खडूत भाऊ सोडवला."

*

कदममामा पूर्ण्याचे. रेल्वेतून रिटायर झालेले, बायको गेलेली, घरात एकटेच. मुलगा बेंगळुरूला. त्याने तिकडचीच मुलगी केली. तिला मराठी येत नाही, मामांना तिची भाषा येत नाही. मध्ये उरलं इंग्लिश. केवळ सुनेशी बोलायला म्हणून मामा गाडीने परभणीला क्लासला यायचे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला स्वतःहून फोन लावला. तिने विचारलं, लंच? मामांना सांगायचं होतं, माझं झालं. त्यांनी विचार करून एकेक शब्द जुळवला आणि सांगितलं, "आय अॅम फिनिश्ड." आणि बोलणं संपलं म्हणून फोन ठेवून दिला.

मी संपलो, एवढंच तिला ऐकू आलं. तिने नवऱ्याच्या ऑफिसात फोन केला. नवऱ्याने पूर्ण्यात शेजाऱ्यांना फोन केला. शेजारी डॉक्टरांना स्कूटरवर बसवून घेऊन आले. दार उघडंच होतं. मामा मोरीत ताट धूत होते.

दुसऱ्या दिवशी हे सगळं त्यांनी क्लासमध्ये सांगितलं. कोणाला हसू आवरेना. मी त्यांना नीट वाक्य दिलं, आय हॅव फिनिश्ड माय लंच. मामांनी ते वहीत उतरवून घेतलं, पण पेन खाली ठेवेनात.

"काय झालं, मामा?"

"काल सूनबाई फोनवर लय रडली, मॅडम. माझ्यासाठी." पेनाचं टोपण काढ-घाल करत ते म्हणाले, "आता हे वाक्य दुरुस्त करावं का न्हाई, त्याचाच इचार करायलोय."

*

मालकीचा 'एस' शिकवला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. अन्वरभाईंकडे दोन भाऊ हार्डवेअरच्या दुकानाचा नवा बोर्ड करायला आले. नावात 'ब्रदर्स' होतं. अन्वरभाईंना नवं शिकलेलं कोणाला तरी सांगायचंच होतं. त्यांनी दोघांना चहा पाजता पाजता समजावलं, 'एस'च्या डोक्याजवळ जो स्वल्पविरामासारखा काटा असतो, तो 'एस'च्या आधी दिला तर दुकान एका भावाचं. नंतर दिला तर दोघांचं.

दोघांचा चहा थांबला. त्या घरात वाटणीची बोलणी चालू होती, हे अन्वरभाईंना कोणी सांगितलेलं नव्हतं.

धाकटा म्हणाला, "मागं द्या."

थोरला म्हणाला, "काटाच नको."

धाकट्याने मोबाइल काढला. जुन्या बोर्डाचा फोटो त्यात होता, दुकानाच्या उद्घाटनाचा. बोटांनी मोठा करून बघितला. काटा 'एस'च्या आधी होता. त्याने मोबाइल थोरल्यापुढे धरला आणि शांतपणे विचारलं, "दादा, मग इतकी वर्षं मी कोणाच्या दुकानात बसायलो?"

हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नव्हती. एक काटा शिकवला आणि एका घराची दोन केली की काय, असं वाटायचं. त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी स्कूटी दुसऱ्या गल्लीत घालायची. शेवटी एकदा मन घट्ट करून गेलेच. नवा बोर्ड लागला होता. वर इंग्लिशचं एक अक्षर नव्हतं. मराठीत दोघांची नावं, धाकट्याचं आधी. आणि खाली बसून थोरला त्याला खिळे मोजून देत होता.

*

गंगासागर आता पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. राणीसावरगावकडची. माहेरी शेळ्या-मेंढ्या. बारावीचा निकाल लागायच्या आधी लग्न लागलेलं. नर्सिंग तिने लग्नानंतर केलं, कडेवरच्या लेकराला सासूकडे देऊन. पुण्याची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. घरी नेटवर्क नाही म्हणून मी तिला क्लासच्या खोलीत बसवलं.

दवाखान्यातली वाक्यं तिला पाठ होती. पेशंट्स बँडेज्ड हँड, अॅडमिटेड टू, कव्हर्ड विथ. घरची वाक्यं मात्र अडायची. लग्न कोणाशी झालं ते सांगताना ती दर वेळी 'मॅरिड बाय' म्हणायची.

"अगं, बाय म्हणजे ज्यानं केलं तो. नवऱ्याला टू लावायचं. मॅरिड टू."

"ज्यानं केलं त्याला बाय?"

"हो."

"बरं," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मुलाखत चालू झाली. मी बाहेर जिन्यात. सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, ही शेवटची, यात झालं नाही तर पुन्हा नोकरीचं नाव नाही. नवरा खाली टायरच्या दुकानापाशी उभा. मी चार पायऱ्या उतरायची, पुन्हा चढायची, दाराला कान लावायची. आतून तिचा आवाज सरळ येत होता. औषधं, सलाईन, रात्रपाळी. मग पलीकडून एका माणसाने विचारलं, "यू आर मॅरिड?"

"येस सर. मॅरिड बाय माय फादर."

मी कपाळाला हात लावला. पलीकडून आवाज आला, "सॉरी?"

गंगासागरने घाई केली नाही. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मॅरेज, डन बाय माय फादर, सर. नर्सिंग, डन बाय मी."