कोणाकडे आलात?

परांड्याला एसटीतून उतरले तेव्हापासून प्रत्येकजण विचारतोय, "कोणाकडं आलात?" मी म्हणते, "कोणाकडेच नाही, किल्ला बघायला." मग समोरचा माझ्यामागे कोणी आहे का ते बघतो. अशा गावांत माणूस गावाला येत नाही, कोणाकडे तरी येतो. एखादी खोटी मावशी सांगितली तर सगळे गप्प होतील. पण पन्नाशीनंतर एकटीनं सुरू केलेलं हे फिरणं मला कोणाच्या नावावर करायचं नाही.

दुपारी भज्यांच्या गाड्याजवळ बसले होते. शेजारच्या आजोबांनी तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत भजी तळणारी बाई म्हणाली, "माझ्याकडं आल्यात."

पुढच्या गावातही मी "कोणाकडेच नाही" असंच ठणकावून सांगणार आहे. परांड्यात मात्र ते आता खोटं ठरेल.