मोटारबोटीतून आलेला विठोबा

आमच्या ह्यांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात कावेरीचे नकाशे काढले, पण कावेरीत गुडघाभर पाण्यापुढे कधी उतरले नाहीत. पेन्शन लागली त्याच सुमारास खात्यातला एक गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला. त्याची एक लहानशी मोटारबोट होती, ती ह्यांनी घेतली आणि घरी येऊन मला म्हणाले, "आता आपण नदी बघायची."

"रोज बघते की मी. कपडे धुताना."

"तसं नव्हे. आतून बघायची."

आषाढ-श्रावणात, म्हणजे इकडच्या आडी महिन्यात, नदीला पाणी आलं की आमच्या सफरी सुरू व्हायच्या. कुंभकोणमच्या घाटावर लोक कामं सोडून आम्हाला बघत उभे राहायचे. हे सुकाणूवर बसायचे, मांडीवर स्वतः काढलेला नकाशा. मी पुढे नाळेवर, हातात पाणी मोजायला लांब बांबू.

"नकाशाप्रमाणे इथं पुरुषभर पाणी आहे," हे सांगायचे.

"बांबूप्रमाणे घोटाभर आहे," मी सांगेपर्यंत बोट वाळूत रुतलेली असायची. मग हे नदीवर रागवायचे. नकाशावर कधी नाही.

इंजिन बंद पडलं की आधी ते त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे. गोऱ्याच्या घरून आलेलं, त्याला तीच भाषा कळणार, असा हिशोब. त्यानं ऐकलं नाही की तमिळमध्ये शिव्या. आणि शेवटी माझ्याकडे वळून मराठीत, "तू कशाला हात लावलीस का?"

त्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या भजनमठासाठी नदीच्या वरच्या अंगाला स्वामीमलै गावी पंचलोहाची नवी विठोबाची मूर्ती ओतून तयार झाली. बैलगाडीतून आणायची असं ठरत होतं. तेवढ्यात हे भर मंडळीत उठून म्हणाले, "देवाला धक्के कशाला? मी बोटीतून आणतो. तुम्ही घाटावर टाळमृदंग घेऊन उभे राहा."

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, मठाचं सगळं बघायच्या. त्या म्हणाल्या, "देव तुझ्या एकट्याच्या हाती देणार नाही. मी पण येते."

जाताना प्रवाहाच्या उलट जायचं होतं, तरी बोट कधी नव्हे ती शहाण्यासारखी चालली. स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींनी विठोबाला गवतात, कापडात गुंडाळून आमच्या हवाली केलं. वजन मधोमध हवं म्हणून ह्यांनी देवाला इंजिनाला टेकवून बसवलं. वन्सं शेजारी बसल्या. येताना मी शेगडीवर कॉफी केली. हे शीळ घालत होते. नदीचे दोन फाटे आले तिथे नकाशा डावीकडे जा म्हणत होता, मी बांबूनं उजवीकडे दाखवलं, आणि चक्क माझं ऐकलं गेलं. इतकं सगळं सुरळीत चाललेलं बघून मलाच धास्ती वाटायला लागली.

गाव जवळ आलं तसं वन्संनी देवाच्या तोंडावरचं कापड सोडलं आणि तांब्या नदीत बुडवला.

"वन्सं, अजून प्रतिष्ठा व्हायची आहे," मी हळूच म्हटलं.

"म्हणून काय तोवर तहानलेला ठेवायचा?" म्हणत त्यांनी विठोबाला न्हाऊ घातलं. एक तांब्या, मग दुसरा. देवाच्या खांद्यावरून पाणी थेट इंजिनात. इंजिन दोनदा शिंकलं आणि गप्प झालं.

हे पुढे बघत होते. त्यांना काहीच दिसलं नाही. इंग्रजी सुरू झालं. मग तमिळ. मग त्यांनी इंजिन उघडून एकेक भाग माझ्या पदरात ठेवायला सुरुवात केली. बोट आडवी होऊन आपली वाहत निघाली. वल्ही नव्हतीच. मोटारबोटीत वल्ही ठेवणं हा तिचा अपमान, असं ह्यांचं मत होतं.

आणि मग घाट आला. अख्खी मंडळी नटूनथटून उभी. आम्हाला बघताच मृदंगावर थाप पडली, टाळ वाजायला लागले, कुणी हार उंचावला. आम्ही त्यांच्यासमोरून आडवे, सावकाश, न थांबता वाहत गेलो. मी पदरात लोखंड धरून बसलेली. हे उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. दुसरं करणार काय? वन्संनी काठाकडे ओरडून सांगितलं, "आलोच!" मंडळी भजन न सोडता काठाकाठानं आमच्या मागे धावायला लागली.

गावाखाली नदी वळते तिथे वाळूच्या बेटाला बोट टेकली. नकाशात ते बेट नव्हतं. पहिल्यांदाच ह्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

"हिला झालंय तरी काय?" हे घाम पुसत म्हणाले.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी वन्संकडे. थोरल्या नणंदेवर बोट कसं दाखवायचं? मी पदरातला ठिणगीचा प्लग उचलला, ओला चिंब. म्हटलं, "अहो, हिचा अभिषेक झालाय. मी वाळवून देते." आणि चिमट्यात धरून तो शेगडीवर शेकला, पापड भाजतात तसा. हे वन्संकडे बघत राहिले. थोरल्या बहिणीवर ह्यांना इंग्रजीत रागावता येईना, तमिळमध्ये तर नाहीच.

"देवाच्याच मनात नव्हतं तुझ्या धुरात बसायचं," वन्सं म्हणाल्या.

तोवर मंडळी समोरच्या काठाला पोचली होती. एक नावाडी वेताची गोल टोपलीसारखी होडी घेऊन आला. वन्सं देवाला मांडीवर घेऊन तिच्यात बसल्या आणि गरगर फिरत, आनंदात पलीकडे गेल्या. तिथे हार पडले, जयजयकार झाला. मिरवणूक शेतातून वाजतगाजत गावाकडे निघाली.

ह्यांनी सगळे भाग परत बसवले. दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन धडधडायला लागलं.

"तू त्यांच्याबरोबर जाणार होतीस ना?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"बांबू कोण धरणार?" मी म्हटलं.

दोघांनी मिळून बोट वाळूतून ढकलली. पाणी कापत ती प्रवाहाच्या उलट अशी निघाली की मलाही अभिमान वाटला. घाटावर आलो तर चिटपाखरू नाही. पायरीवर एक म्हैस तेवढी बसलेली. ह्यांनी भोंगा वाजवला. म्हशीनं कान हलवले. त्यांनी बोट वळवली, पुन्हा एकदा घाटासमोरून सरळ रेषेत, ऐटीत नेली, आणि मग अगदी अलगद पायरीला लावली. इतकी अलगद कधीच लागली नव्हती.

"बघितलीस?"

"बघितले," मी म्हटलं. "फार सुरेख लावलात."

त्यांनी नकाशाची घडी घातली आणि मला उतरायला हात दिला. मठाकडून टाळांचा आवाज येत होता. आम्ही ओल्या पायांनी तसेच तिकडे चालायला लागलो. जाताना हे मला समजावत होते की दोष इंजिनात मुळीच नव्हता, आणि मी त्यांना दर पावलाला हो म्हणत होते.